काचेमागची वेणी

कॉम्प्युटर जोडणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार वेणीताई म्हणायचा. तिच्या केसांचा त्यात काही संबंध नव्हता, ते तिने कधीच कानापर्यंत कापून टाकले होते. वेणी असायची तारांची. खेळांसाठी बांधलेल्या कॉम्प्युटरला हल्ली एका बाजूने काच असते, आतले रंगीत दिवे दिसावेत म्हणून. त्या काचेमागे तारांचं जंजाळ दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. वेणीताई एकेक तार बारीक कंगव्यातून ओढून सरळ करायची, सगळ्या एकमेकींशेजारी बसवायची आणि मग काच लावायची. बघणारा बघतच राहायचा. या कामात तिचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

ती धंद्यात आली ती टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग करायला. तेव्हा लोक टीव्हीला खेळाचे डबे जोडायचे आणि बटणं बडवून बडवून मोडून आणायचे. मग कॉम्प्युटर आले. ते म्हणे हिशेबासाठी आणि पोरांच्या अभ्यासासाठी. अभ्यास कसला डोंबलाचा! खेळात आवाज हवा म्हणून लोकांनी साउंड कार्ड घेतलं, खेळ फ्लॉपीत मावेना म्हणून सीडी घेतली, माणसं ठोकळ्यांसारखी दिसतात म्हणून ग्राफिक्स कार्ड घेतलं. कार्ड तापतं म्हणून पंखे आले, पंख्यांनी भागेना म्हणून पाणी फिरवायच्या नळ्या आल्या. आता तर घरातला टीव्हीसुद्धा खेळताना चित्र किती झटपट हलतं ते सांगून विकतात. हिशेब लिहिणारा माणूस एकच डबा वर्षानुवर्षं वापरतो, त्याच्या जिवावर कोण नवीन काही बनवणार? "आपली चूल खेळणाऱ्यांवर पेटते," असं दुकानाचे मालक येताजाता म्हणायचे आणि ते खरंच होतं.

दर नव्या खेळाबरोबर कार्ड मोठं होत गेलं. आधी पोस्टकार्डाएवढं होतं, मग विटेएवढं झालं. ते वीजही तशीच पिऊ लागलं. त्याला वीज पुरवणारा प्लग मात्र कंपन्यांनी लहान करून टाकला. एवढी वीज एवढ्याशा प्लगातून जाते, याचा विचार गिऱ्हाईक करत नव्हतं आणि खरं सांगायचं तर वेणीताईही करत नव्हती. तिची अडचण वेगळीच होती. हा प्लग कार्डाच्या कडेला, नेमका काचेकडे तोंड करून बसायचा आणि त्याची जाड तार काचेला अडायची. बाकीचे दुकानदार मोठा डबा गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारत. वेणीताईने मात्र स्वतःची युक्ती काढली. तार प्लगाच्या अगदी मानेशीच धरायची आणि अंगठ्याने दाबून काटकोनात वळवायची. काच अलगद बसायची. त्या वळणाचे फोटो लोक एकमेकांना पाठवायचे.

सगळ्यात सुंदर वेणी तिने घरी घातली होती, सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला.

नवरा गेल्यापासून घरात दोघंच. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती. आता गुडघे गेले. खुर्चीतून उठून दारापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागायची. घरात बसून म्हातारा झुरेल, या भीतीने तिने त्यांना विमान उडवायचा खेळ लावून दिला आणि म्हातारा असा काही रंगला की विचारू नका. आधी साधा पडदा, मग विमानासारखा दांडा, मग पायाखालची पेडलं, मग इंजिनाबरोबर थरथरणारी खुर्ची. शेवटी डोळ्यांवर चढवायचा चष्मा आणि कानांवर मोठे हेडफोन. "सूनबाई, ढग अजून चौकोनी दिसतात गं," अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा तिने ते विटेएवढं कार्डही आणलं. ढग गोल झाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या दिवशी तिला भरून पावल्यासारखं वाटलं.

मग तो नवा खेळ आला, ज्याची वर्षभर हवा होती. सगळं गाव तो खेळायला बसलं आणि सगळ्यांची कार्डं पूर्ण ताकदीने धावू लागली. आठवडाभरात दाताचे डॉक्टर आपला कॉम्प्युटर काखोटीला मारून दुकानात आले. खेळता खेळता पडदा काळा पडतो, म्हणाले. वेणीताईने काच काढली. प्लगाचा एक कोपरा तपकिरी होऊन चघळलेल्या गोळीसारखा मऊ झाला होता. करपट वास येत होता.

"तुम्ही ओढला असणार, डॉक्टर," ती हसत म्हणाली. "दात उपटायची सवय!"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही हो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "आणि वासबीस मला कुठला कळतोय? दुपारी दवाखाना बंद केला की मागच्या खोलीत खेळायला बसतो. एकदा हेडफोन घातले की जगबुडी झाली तरी पत्ता लागत नाही मला."

तिने त्यांना नवी तार लावून दिली. पुन्हा तशीच वळवून, तशीच अंगठ्याने दाबून. मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण आपल्या हाताला नावं ठेवायची तिला सवयच नव्हती.

त्यानंतर बेकरीवाल्याचा कॉम्प्युटर आला. त्या दिवशी सकाळी घरून निघताना सासरे चहाचा कप खाली ठेवत डोळे मिचकावून म्हणाले होते, "तू गुपचूप नवीन काय बसवलंयस ते कळलंय हं मला." तिला उशीर होत होता. "संध्याकाळी सांगा, बाबा," म्हणून ती चपला घालून निघाली.

बेकरीवाल्याच्या डब्यावर तिने स्वतः चिकटवलेली पट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे तो कोणीही उघडला नव्हता. आत प्लगाचा तोच कोपरा, तसाच तपकिरी. या वेळी तिने तो हातात घेऊन उजेडात धरला. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या तारा ताणल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या पिना आतून अर्ध्या निसटल्या होत्या. निसटलेल्या पिनांची वीज राहिलेल्या पिनांवर पडली होती आणि त्या लाल होईपर्यंत तापल्या होत्या. कोणी काही ओढलं नव्हतं. तिच्याच अंगठ्याने हे केलं होतं.

"मालक, माझं वळण चुकतंय," ती म्हणाली. "सगळ्यांना फोन करायला हवा."

मालकांनी आधी दुकानात कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "वेड लागलंय का? कंपनीचा प्लगच खराब आहे, म्हणायचं. गप्प बस."

पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळ्यात घट्ट वळण घरी होतं आणि दुपारी जेवण झालं की बाबा विमानात बसत. तिने घरी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. त्या कानांवर इतके जाड हेडफोन कोणी आणून दिले होते? तिनेच.

ती काम तसंच टाकून रिक्षात बसली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिला रिक्षावाल्याचा गळा धरावासा वाटला. घराखाली उतरली तर सगळं शांत होतं. तळमजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी हसून हात केला. पहिल्या मजल्यावर तिला वास आला. दुकानात आला होता तोच.

किल्ली दोनदा हातातून पडली. दार उघडलं. सासरे खुर्चीत ताठ बसले होते, डोळ्यांवर चष्मा, कानांवर हेडफोन, हात दांड्यावर. खुर्ची थरथरत होती. त्यांच्या कोपराजवळ काचेमागे रंगीत दिवे लुकलुकत होते, त्यांच्यामधून काळसर धूर वर चढत होता आणि वेणीच्या मानेशी एक पिवळी जीभ हलत होती. खिडकीचा कापडी पडदा तिथून हातभर अंतरावर होता. म्हातारा हसत होता.

तिने मेन स्विच खाली ओढला. पिवळी जीभ जराशी हलली, लहान झाली आणि विझली.

"अरे, अरे!" सासरे ओरडले आणि चाचपडत चष्मा काढू लागले. "उतरवतच होतो ना मी! डावं इंजिन पेटलं होतं. धुराने घसा खवखवायला लागला, इतकं हुबेहूब! चार दिवस नुसता वास येत होता, तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, आता वासाचंही यंत्र निघालं बाजारात आणि आमच्या सूनबाईने न सांगता आणून बसवलं. काय काय बनवतात हो या खेळांपायी!"

ती खाली बसली आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला मिठी मारून रडली. मग सगळं सांगितलं. वळण, अंगठा, डॉक्टरांवर केलेला विनोद, सगळं. त्यांनी काळी पडलेली काच पाहिली, खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. जन्मभर पन्नास माणसं पाठीशी घेऊन गाडी चालवलेला तो माणूस.

"आणि त्या डॉक्टरांचं काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"नवी तार लावून दिली."

"वळण?"

तिने अंगठा मुठीत लपवला. सासऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दवाखाना बंद व्हायची वेळ होऊन गेली होती. तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. घंटा वाजत राहिली, मग आपोआप बंद झाली.

"पुन्हा लाव," सासरे म्हणाले.

तिने पुन्हा लावला. पलीकडे कुठल्यातरी मागच्या खोलीत फोन वाजत होता आणि तो कोणी ऐकत नव्हतं.