तिफण आधी कोणाच्या वावरात

"बाईचं शेत आहे हो, असंच पिकणार," आमचे साहेब म्हणाले. "पुढच्या हंगामात प्लॉट तिच्या दिराला द्या."

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पांढरकवड्याकडे कृषी विस्तार अधिकारी होतो. रुक्माबाई नावाच्या विधवेच्या वावरात आमचा डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट होता. म्हणजे बियाणं, खत सरकारचं, मेहनत शेतकऱ्याची, आणि पीक साऱ्या गावाने बघायचं. शेजारीच दीर गणपतचं वावर. मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. जमीन तीच काळी, बियाणंही तेच. तरी त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागत होती आणि हिची गुडघ्याशीच थांबली होती. वहिनीला पिकवता येत नाही, असं म्हणत गणपत तिचं वावरच कसायला मागत होता. प्लॉट गेला असता तर मागोमाग वावरही गेलं असतं.

साहेबांच्या हातापाया पडून मी आणखी एक हंगाम मागून घेतला.

पेरण्या सुरू झाल्याचं कळताच सायकल काढली. रुक्माबाईचं वावर रिकामं! ती गणपतच्या वावरात होती. तो तिफण धरून पुढे, ती मागून बी सोडत. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औत.

"बैल कोणाचे?" मी विचारलं.

"वयनीचेच हायेत," गणपत म्हणाला.

"मग तिचं वावर का पडलंय?"

"तिफन मी धरतो नं, सायेब. जो तिफन धरते त्याचं वावर पयले. मंग काकाचं, मंग वयनीचं."

मी थक्कच झालो. बैल तिचे, राबणं तिचं, आणि पेरणी सर्वांत शेवटी! उशिरा पेरलेल्या कपाशीला पाऊस कमी मिळतो, बोंडं कमी धरतात. हे तर आम्हीच गावोगाव सांगत फिरत होतो.

"मग तिलाच धरू द्या तिफण."

गणपत ओरडलाच. "बाईनं तिफन धरली त पानी पळते, सायेब! गाव मरन!"

रुक्माबाईने हातातलं बी खाली ठेवलं. "भाऊजी, बैल सोडा," ती म्हणाली. "दर साली माहंच वावर कायले मांगं राह्यते?"

दुसऱ्या दिवशी एकही पुरुष तिच्याकडे फिरकला नाही. तिफण तिनेच धरली. मागे बी सोडायला आली तिची सासू, गणपतची सख्खी आई! मी बघतच राहिलो.

आणि पाऊस खरोखर थांबला. आठवडा झाला तरी आभाळ कोरडं. बायका तिला विहिरीवर पाणी भरू देईनात. ही आग मीच लावली होती. शेवटी एकदाचा पाऊस आला, तेव्हा कुठे मला घास गोड लागला.

त्या वर्षी तिचा कापूस गणपतपेक्षा काकणभर जास्तच भरला. साहेब स्वतः बघायला आले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मला धुऱ्याच्या कडेला नेलं आणि हळूच विचारलं, "पण काय हो, पाणी खरंच पळालं होतं?"

साहेब शेतकी कॉलेजचे पदवीधर होते.

प्लॉट रुक्माबाईकडेच राहिला. पुढे नोकरीभर, कोणत्याही बाईचं पीक कमी आलं की मातीला हात लावण्याआधी मी विचारायचो, "हिच्या वावरात पेरणी कोणाकोणाच्या नंतर झाली?"