चोरी कबूल करणारे सर

आमच्या शाळेतले गणिताचे सर दर शनिवारी स्टाफरूममध्ये उभे राहून चोरी कबूल करत. "या आठवड्यात मी भूगोलाच्या बाईंची नकाशा काढायची रीत चोरली. बाई, जरा सगळ्यांना दाखवा, म्हणजे बाकीच्यांनाही चोरता येईल." बाई लाजत फळ्याकडे जात. चहा गार होई.

तास नसला की सर दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर गुडघे वर करून बसत. मुलं त्यांना 'मागचे सर' म्हणत. "माझ्याकडचं मला ठाऊकच आहे. दुसऱ्याचं बघितल्याशिवाय वाढणार कसं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इतिहासाचे गुरुजी आपली हातोटी सुक्या बोंबलाच्या चटणीच्या प्रमाणासारखी लपवत. वर्षभरात तेही कबुलीजबाब देऊ लागले.

अठ्ठ्याहत्तर साली मी समुद्रकाठच्या कळंबजवळच्या त्या शाळेत लागले, तेव्हा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जात नव्हता. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "दिवाळीपर्यंत वर्ग ताब्यात आला नाही, तर आम्हाला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील." घरात कमावणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवसापासून मागचे सर माझ्या वर्गात. शनिवारी ते उठले. "बाई हळू बोलतात म्हणून पुढची पोरं कान देतात, आणि मागच्यांना गप्प करतात. हे मी चोरलं."

सरांचा आवाज असा, की त्यांनी पाढे सुरू केले की बाहेर मासळी सुकवणाऱ्या बायकाही पुढचा आकडा सांगत. सोमवारी ते वर्गात हळू बोलले. पोरं घाबरून गप्प बसली. दुपारी एका मुलाची आई टोप घेऊन हजर. "सरांचा घसा बसलाय म्हनं. गरम पानी पिवा, नि ह्ये कालवन घ्या." सरांनी कालवण खाल्लं. गैरसमज दूर केला नाही.

त्यानंतर माझा वर्ग बघायला शिक्षकांची रीघ लागली. मागे तीन-तीन गुरुजी बसलेले पाहून कुठलं पोर तोंड उघडेल? मुख्याध्यापकांनी शांत वर्ग पाहिला आणि मला कायम केलं. सर मला सांभाळून घ्यायला आले होते, चोरी हे निमित्त, असं मी धरून चालले. विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, मी खोटी कबुली देत नाही." मी हसले. पटलं मात्र नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांत सर गेले. पापडीच्या चर्चमधला विधी आटोपल्यावर मी त्यांच्या बायकोला भेटले. सरांमुळे माझी नोकरी टिकली, एवढं मला त्यांना सांगायचं होतं.

मी नाव सांगताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "त्या हळू बोलणाऱ्या बाई तुम्हीच ना? अहो, लग्न झाल्यापासून हे घरात ओरडूनच बोलायचे. रागाने नाही, सवयच तशी. मुलं दचकायची. मग एका वर्षी एकदम हळू बोलायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, शाळेत एक नवीन बाई आल्यात, त्यांच्याकडून शिकलो. त्यानंतर मुलं यांच्याजवळ बसायला लागली. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

मग मीही कबुली दिली: सरांची ती चोरी मी इतकी वर्षं खोटी धरून चालले होते.