नेनेवहिनींची पेटी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. भट्टीपाशी चार माणसं रोज बसली की आपोआप साठतात. नवं राज्य, नवी राजधानी भोपाळ आणि तिथला आमचा नवाकोरा कारखाना. आम्ही लोखंडाच्या पत्र्यांवर रेझिनचा लेप देऊन ते भट्टीत भाजायचो, गंज लागू नये म्हणून. निम्मे किस्से माझ्याबरोबर भट्टीवर असणाऱ्या नेन्यांचेच आहेत.

*

एकदा नेन्यांनी पत्रा जरा जास्तच भाजला. रंग असा सोनेरी आला की सगळे बघत राहिले. साहेबांनी पत्रा वाकवला, तर लेपाचे तुकडे टेबलावर!

साहेब म्हणाले, "नेने, हा पापड जेवणात वाढा."

*

दुसऱ्या दिवशी नेन्यांनी घाबरून पत्रा लवकर काढला. निवल्यावर साहेबांनी हात टेकवला, तो कच्च्या लेपात पंजाच उमटला.

भट्टीवरचे हमीदमियाँ शांतपणे म्हणाले, "साहब, अब ये आप ही का हुआ."

*

थंडीत भट्टीवरची हवा थरथरायची. मला त्यात आमच्या सांगलीचा घाट दिसायचा, अगदी पायऱ्यांसकट. नेन्यांना दिसायचं स्वतःचं क्वार्टर, कुलूप लावलेलं.

हमीदमियाँनी विचारलं, "क्या देख रहे हो?"

"घर," मी म्हटलं.

"तो बैठो. अभी कच्चा है."

*

त्या कुलपाचं कारण म्हणजे नेनेवहिनींची पत्र्याची पेटी. लग्न होऊन मिरजेहून आल्या, पण कपडे काही कपाटात लावले नाहीत. लागेल ते काढायचं, वाळलं की परत पेटीत. "आपल्याला काय इथे जन्म काढायचाय?" असं म्हणायच्या. एक दिवस ही पेटी उचलून कायमची जाईल, या धास्तीनं नेने झुरत होते.

पावसाळ्यात पेटी तळाशी गंजली आणि वहिनींच्या शालूला डाग पडला. वहिनी फार रडल्या. नेने म्हणाले, "रिकामी करून दे. भट्टीतून काढून आणतो."

साहेबांनी परवानगी दिली. पेटी घासली, लेप दिला, आत ठेवली. नेने भट्टीसमोरून हलले नाहीत. जेवायलासुद्धा आले नाहीत बिचारे. बाहेर काढल्यावर साहेबांनी नख दाबलं. ओरखडा नाही.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ती सायकलवरून घरी नेली. अजून कोमट होती. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला, मग कितीतरी वेळ फिरवतच राहिल्या.

नेन्यांनी हळूच विचारलं, "कपडे भरून देऊ परत?"

वहिनींनी पेटी खिडकीखाली सरकवली, वर चादर अंथरली आणि बसल्या.

"छे! अशी पेटी कुणी गाडीत घालतं का? पोचे पडतील."