टोपलीखालचा डाव

सरूमावशी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती दार न वाजवताच. माझी ऑफिसला निघायची घाई चालली होती. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, ओट्यावरची मेथीची जुडी उचलली आणि उभ्या उभ्याच निवडायला लागली. "बसा ना," म्हटलं, तर म्हणाली, "बस म्हनू नगं, बाई. बसलं की जीव लई घाबरा व्हतो माझा."

मावशी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली. मुलाने, दत्ताने, तिला शहरात, पुंडलिकनगरात आमच्या शेजारी आणून ठेवलं होतं. जन्मभर शेतात राबलेली बाई, दोन खोल्यांत तिचं मन कसं लागणार? सारखी फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. ज्वारी हुरड्याला आली असेल, पाखरं बसत असतील, एवढंच तिच्या डोक्यात.

आमच्या घरातही एक अशीच कोंडलेली होती. माझी मुक्ता, चार वर्षांची. छाती भरल्यामुळे दवाखान्यात राहून आलेली. थंडी सरेपर्यंत हिला वारा लागू देऊ नका, पुन्हा दुखणं उलटलं तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अवघड म्हणजे काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. माझी रजा संपलेली, आणि ही बया कडी काढून अंगणात पळायला शिकलेली!

"जा तू बिनघोर," मावशी म्हणाली. "दोघी बी कोंडवाड्यातल्याच आमी."

मग घरात काय धुमाकूळ सुरू झाला म्हणता! खाटेवर चादर टाकून तंबू. मूग आणि मटकी एकत्र करून, कोण आधी निवडतं याची शर्यत. चिंचोके फरशीवर घासून त्यांचे फासे, आणि कोळशाने माझ्या स्वच्छ फरशीवर आखलेला अष्टचंगचा पट. मुक्ताच्या सोंगट्या आधी फुटाण्यांच्या होत्या, पण हरायला लागली की ती त्या खाऊन टाकायची. म्हणून तिला बटणं दिली. मावशीच्या सोंगट्या बांगडीच्या काचांच्या. खेळतानाही मावशी बसायची नाही. वाकून फासे टाकायची आणि पुन्हा येरझाऱ्या.

डाव ऐन रंगात आला की मात्र ती त्यावर टोपली पालथी घालायची. मुक्ता आकांत करायची. "आता नाय. उद्याच्याला," मावशी ठाम. "सम्दा डाव आजच खेळलीस, तर उद्या कशापायी उठशील?"

मला ते दुष्टपणाचं वाटायचं. पण मुक्ता सकाळी उठून कडीकडे जायची थांबली. ती थेट टोपलीपाशी जाऊन मावशीची वाट बघत बसायची.

एकदा मावशीच पिशवी भरून दारात आली. "जाते बाई. नाय ऱ्हावत आता. कन्नडची गाडी हाय." मुक्ताने मावशीला पदर धरून आत ओढलं, एक दान टाकलं, एक टाकायला लावलं आणि डावावर टोपली घातली. "उद्याच्याला," म्हणाली. मावशी पिशवी खाली ठेवून माझी भांडी घासायला लागली.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी मुक्ताला बाहेर सोडलं. त्याच दिवशी मावशीने गाडी धरली. टोपली तशीच ठेवून गेली. "हुरडा घिऊन येते. हात लावू नगं, मुक्ते."

पंधरवडाही झाला नसेल. दत्ता दारात उभा राहिला. "आई शेतातून आली आन् घरापुढच्या ओट्यावर बसली," तो म्हणाला. मावशी बसली म्हटल्यावरच मी समजले. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. मी तिथेच रडले.

मुक्ताला सांगितलं. तिने टोपली उचलली. स्वतःचं दान टाकलं, मग मावशीचंही, तसंच वाकून, उभ्या उभ्या. मावशीच्या काचा एकेक करत मधल्या घरात पोचल्या. डाव संपायला एकच उरली, तेव्हा तिने हातातले चिंचोके खाली ठेवले आणि टोपली पालथी घातली.

मी अजून केर काढते तो टोपलीच्या कडेकडेने.