न बोलावलेला पाहुणा

हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक कपाट आणि एक खिडकी. ती खिडकी कधीतरी रंगवताना चिकटली, ती चिकटलीच. डॉक्टर फोटो बघत बघत एका छोट्या यंत्रात बोलतात, कुठल्या हाडाला तडा आहे, कुठे डाग आहे, कुठे काहीच नाही. आणि या खोलीत बसलेल्या दोघीजणी ते ऐकून टाइप करतात. तोच रिपोर्ट पेशंटच्या हातात पडतो. या दोघींपैकी दाराजवळच्या टेबलावर बसते ती सुसाट.

हे नाव तिला सहकाऱ्यांनी ठेवलं आणि तिला ते मनापासून आवडतं. जन्मापासून तिला दिसत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ती पोपट म्हणते. एका बाजूला छोट्या स्पीकरवर पोपट, दुसऱ्या कानात डॉक्टर, आणि बोटं चालू. पोपटानं किती वेगानं बोलायचं ते ठरवता येतं. हिनं तो वेग इतका वाढवून ठेवलाय की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळेल तर शपथ!

"अगं, हा बोलतोय की मिक्सर फिरतोय?" असं चष्मिश नेहमी विचारायची. चष्मिश म्हणजे शेजारच्या टेबलावरची, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. दोघींचं मेतकूट चांगलं जमलेलं. डबा एकत्र, चहा एकत्र, आणि विभागातल्या यच्चयावत माणसांची निंदानालस्तीही एकत्रच.

या टेबलापर्यंत यायला सुसाट किती भांडली ते तिचं तिलाच माहीत. नोकरीला लागली तेव्हा तिला सरळ टेलिफोनवर बसवलं. दिसत नाही ना? मग टेलिफोन! पुढे विचारच नाही कुणाचा. उमेदीची सगळी वर्षं 'नमस्कार, कुठे जोडू?' म्हणण्यात गेली. मग ती विभागप्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या मॅडमच्या, इतकी मागे लागली, इतकी मागे लागली की त्यांनी एकदा वैतागून परीक्षा घेतली. परीक्षेत तिनं बाकीच्यांना पाणी पाजलं आणि ही खुर्ची मिळवली.

एक गोष्ट मात्र तिला कायम खटकायची. तिच्याशी सगळे फार गोड बोलत. दुसरं कुणी चुकलं की मोठ्या मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येई. हिच्या हातून काही झालं तर, "असू द्या हो ताई." त्या 'असू द्या'ची तिला भयंकर चीड होती. शिव्या परवडल्या, म्हणायची, पण हे गोडाचं नको.

तर अशी ही बाई, आणि तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला पाहुणा.

सुरुवात साधीच झाली. रिपोर्टचं पान उघडायला जावं तर मध्येच भलतंच पान उघडायचं आणि पोपट सांगायचा, "अभिनंदन, तुम्ही भाग्यवान विजेते आहात." काही शोधायला जावं तर तिसऱ्याच ठिकाणी नेऊन सोडायचं. नुसतं गप्प बसलं तरी कोपऱ्यातून टुंग करून कुणीतरी स्वस्तातले बूट विकायचं. चष्मिश वाकून बघायची आणि "थांब, बंद करते" म्हणून जाहिरातीच्या खिडकीतल्या फुलीवर दाबायची. एक बंद व्हायची, दोन उघडायच्या.

मुख्य कार्यालयातला कॉम्प्युटरवाला येऊन ब्राउझर साफ करून गेला. दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा, "अभिनंदन, तुम्ही भाग्यवान विजेते आहात."

आणि सोमवारी नको तेच झालं. सुसाट एका म्हातारबाबांचा रिपोर्ट टाइप करत होती. 'डाव्या फुफ्फुसात' इथपर्यंत आली आणि नेमकं तेव्हाच जाहिरातीचं पान पुढे आलं. डॉक्टरांचा आवाज चालू, बोटं चालू, पोपट काहीतरी बोलला पण तो मागे पडला. पुढचं अख्खं वाक्य त्या जाहिरातीच्या चौकटीत गेलं आणि रिपोर्ट 'डाव्या फुफ्फुसात' वरच संपला. पाठवला गेला. नशीब, डॉक्टरांच्या नजरेस पडला म्हणून परत आला. फुफ्फुसात काय, हेच जर त्या म्हातारबाबांना कळलं नसतं तर? 

मोठ्या मॅडमनी दोघींना बोलावलं. "असू द्या हो ताई," त्यांनी सुरुवातच तशी केली. "तुमची काही चूक नाही. डोळ्यांनी दिसतं त्या माणसाला लगेच कळतं, तुम्हाला कसं कळणार? शुक्रवारपासून तुम्ही पुन्हा टेलिफोनवर बसा. मशीन पुसून नव्या माणसाला देऊ."

सुसाट एक पाऊल पुढे सरकली. आणि मग ती जे बोलली ते बोलायला नको होतं. "मॅडम, मी काही केलं नाही. ही माझ्या मशीनवर बसून इंटरनेटवर घरासाठी पडदे बघत होती, जेवणाच्या सुट्टीत. हिनंच काहीतरी उघडलं असणार!"

चष्मिश बसली होती खरी, घरच्या खिडक्यांचे पडदे बघत. ते तिनं कबूलही केलं. पण बाहेर आल्यावर ती एकच वाक्य बोलली, "मला आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून डबे वेगळे.

सुसाटनं मनाशी ठरवलं. टेलिफोनवर जायचं नाही म्हणजे नाही. पाहुणा शोधून काढायचा, तोही आपल्याच हातांनी. तिनं कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"ताई, शुक्रवारी मी सगळं पुसणारच आहे. कशाला जिवाला त्रास?"

"तू मशीन पुसशील रे, पण तोवर मी टेलिफोनवर गेलेली असेन. मला तो काय आहे, कुठून आला, ते हवंय. सांगतोस की नाही?"

पोरगा भला होता. त्यानं नीट समजावलं. हा काही फाइली खाणारा व्हायरस नाही, हे जाहिरातवाल्यांचं सॉफ्टवेअर. आपलं मुख्य पान बदलतं, शोध भलतीकडे वळवतं, जाहिराती दाखवून पैसे कमावतं. खिडकीतल्या फुलीला हात लावायचा नाही, ती फुलीही जाहिरातच असते. कीबोर्डवरून सरळ टॅब बंद करायचा. आधी इंटरनेटची वायर काढा, मग ब्राउझरला बाहेरून काय काय जोडलंय ते बघा.

तिनं बघितलं. जोडलेल्यांत एक 'खरेदी मदतनीस' निघाला. कोणाचा मदतनीस आणि कसली खरेदी! काढून टाकला. मशीन बंद करून चालू केली. पुन्हा हजर!

"म्हणजे मूळ आत आहे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "मागच्या वेळी मीही फांदीच तोडून गेलो, चुकलंच माझं. मशीनमध्ये कुठलातरी प्रोग्राम बसलाय, तो याला परत आणतोय. सगळ्या प्रोग्रामांची यादी काढा, तारखेप्रमाणे लावा. जाहिराती कधी सुरू झाल्या, त्या सुमाराला काय आलं ते शोधा."

सुसाटनं यादी काढली आणि पोपटाला सोडलं. किर्रर्र करून यादी संपली. काही सापडलं नाही. पुन्हा किर्रर्र. सगळी नावं सभ्य, सगळी ओळखीची वाटणारी.

"पोपट हळू करा की, ताई."

"हळू? मी काय पहिलीतली पोर आहे?" तिनं फोनच ठेवला.

घरी आली तर आईनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि ठरलेलं वाक्य टाकलं, "अति घाई संकटात नेई. लहानपणापासून सांगतेय."

"आई, तू ते वाक्य दाराबाहेर लिहून ठेव एकदाचं!"

"तू वाचणार आहेस का?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसताना मात्र सुसाटला कुठेतरी टोचलं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. खोलीत कुणी नव्हतं. तिनं दातओठ खात पोपटाचा वेग उतरवला, अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखा केला. इतकं हळू ऐकायचं म्हणजे तिला शिक्षाच होती. पण ऐकत राहिली, एकेक नाव, एकेक तारीख. आणि यादीच्या खालच्या टोकाला, सभ्य नावांच्या गर्दीत, एक नाव आलं जे तिनं कधी ऐकलेलंच नव्हतं. 'सिस्टीम सोबती.' त्याची तारीख आणि तिच्या फुकटातल्या प्लेअरची तारीख एकच.

हा प्लेअर, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकवणारा प्रोग्राम, तिनं स्वतः आणला होता. डॉक्टरांनी नवं यंत्र घेतलं, त्यातलं बोलणं जुन्या प्लेअरवर चालेना, म्हणून कुठल्यातरी साइटवरून उतरवून घेतला होता. बसवायची फाइल अजून तिथेच पडून होती. वायर काढलेली आहे याची तिनं हात लावून खात्री केली आणि ती फाइल फक्त ऐकण्यापुरती उघडली. पोपट हळूहळू वाचू लागला.

"चेकबॉक्स. चेक केलेला. प्लेअरसोबत सिस्टीम सोबती आणि खरेदी मदतनीस बसवा, मुख्य पान बदला. पुढे, बटण."

 सुसाटला तो दिवस लख्ख आठवला. किर्रर्र, एंटर. किर्रर्र, एंटर. किर्रर्र, एंटर. पोपटानं तेव्हाही हेच वाचलं होतं. शब्द न् शब्द वाचला होता बिचाऱ्यानं. तिलाच ऐकायला सवड नव्हती. कसले पडदे आणि कसली चष्मिश! पाहुण्याला घरात घेतलं होतं तिनं स्वतः, दार सताड उघडून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

पण रडत बसायला वेळ नव्हता. ती खिडकी रद्द करून तिनं आधी तो सोबती काढायला घेतला. तोही बेरकी. "तुम्ही मोठ्या सवलतींना मुकणार आहात. सोबती ठेवायचा?" असा उलटा प्रश्न, आणि हात आपसूक जाईल तिथे 'हो'. रोजच्या वेगात तिनं नक्की एंटर मारला असता. आज ऐकलं, पुढच्या बटणावर गेली, आणि त्याला हाकलला. मग मदतनीस काढला. मग टुंग करणाऱ्या साइटींना दिलेली परवानगी काढून घेतली, मुख्य पान पूर्वीचं लावलं, प्लेअर आणि त्याची फाइल दोन्ही फेकून दिली. मग वायर जोडली, कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलेल्या खात्रीच्या प्रोग्रामनं सगळी मशीन तपासून घेतली आणि नवा प्लेअरही त्याच्याकडूनच मागून घेतला. शेवटी बंद केली, चालू केली आणि कान देऊन बसली.

काही नाही. ब्राउझर उघडला. काही नाही. कुणी अभिनंदन करेना, कुणी बूट विकेना. अशी शांतता तिनं किती दिवसांत ऐकली नव्हती.

तेवढ्यात चष्मिश आली, तिच्या चपलांचा आवाज झाला, खुर्ची ओढली गेली. 

आता बघा, इथे गप्प बसता आलं असतं. मशीन साफ झाली होती. काय झालं होतं हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं? मॅडमनी तर आधीच माफ करून ठेवलं होतं, दिसत नाही म्हणून. आणि पडदे होतेच की खापर फोडायला.

सुसाट उठली. "चष्मिश, चल माझ्याबरोबर. मॅडमकडे."

"मी कशाला? पुन्हा नवीन काही सापडलं का माझं?"

"तुझं नाही. माझं सापडलंय."

मोठ्या मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. प्लेअर, चेकबॉक्स, किर्रर्र आणि एंटर. हिच्यावर उगाच आळ घेतला, तेही सांगितलं, आणि चष्मिशच्या दिशेला तोंड करून माफी मागितली. पाहुणा कसा काढला तेही सांगितलं.

"असू द्या हो ताई," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाही, त्यामुळे..."

"नाही मॅडम!" सुसाटचा आवाज चढला. "न दिसल्यामुळे नाही झालं. पोपटानं मला वाचून दाखवलं होतं. मी घाई केली, म्हणून झालं. आंधळी म्हणून मला माफ करू नका, आणि आंधळी म्हणून त्या खुर्चीवरून उठवूही नका. दिसणाऱ्या माणसानं हीच घाई केली असती, तर तुम्ही काय केलं असतं? तेच माझं करा."

 मग मॅडमची खुर्ची मागे सरकली.

"काय केलं असतं? सांगते काय केलं असतं!" आणि त्या जे सुरू झाल्या! डोकं घरी ठेवून येता का? हॉस्पिटलच्या मशीनवर विचारल्याशिवाय फुकटची सॉफ्टवेअरं उतरवायला हे काय तुमचं स्वयंपाकघर आहे? त्या म्हातारबाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर त्यांच्या घरच्यांना कुठलं तोंड दाखवणार होतात? आणि वर निरपराध माणसावर आळ? वेगाचा एवढा माज कसला? मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत काय, खाली गेटवरच्या टेलिफोनपर्यंत गेला असेल. शेवटी त्यांनी दम घेतला. "यापुढे प्रत्येक रिपोर्ट पाठवण्यापूर्वी एकदा हळू ऐकायचा. आजपासून. आणि आता इथे उभ्या काय राहिलात? जा, रिपोर्ट साचलेत तुमच्या टेबलावर!"

तुमच्या टेबलावर.

दोघी बाहेर आल्या.  या नोकरीत सुसाटला पहिल्यांदाच कुणीतरी धडधडीत झापलं होतं.

"चांगलीच झाडली की गं," चष्मिश म्हणाली. तिच्या आवाजातला घुस्सा अजून पुरता गेला नव्हता. "आणि तू हसतेस कशाला?"

सुसाटला हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी. "तुला कधी अशी झाडलीय त्यांनी?"

"मला? महिन्यातून एकदा!"

"मग झालं तर," सुसाट म्हणाली, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पहिला रिपोर्ट टाइप करून झाल्यावर तिनं पोपटाचा वेग उतरवला आणि तो पहिल्या शब्दापासून ऐकायला घेतला. शेजारच्या टेबलावरून चष्मिशलाही आता पोपटाचा शब्द न् शब्द कळत होता.