दात घासा, नाणं घासू नका

आमचे डॉक्टर दिवसभर दोनच गोष्टी सांगत. पेशंटला सांगत, "दात घासा." आणि खिशातून जुनं नाणं काढून दाखवणाऱ्याला सांगत, "घासू नका." दोन्ही एकाच माणसाला सांगायची वेळ आली की गोंधळ व्हायचा. बोरी अरब गावचे एक गृहस्थ आठ दिवसांनी नाणं चिंच लावून चकचकीत करून घेऊन आले. दात होते तसेच होते.

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागे त्यांचा दातांचा दवाखाना होता. मी तिथं अकरा वर्षं कामाला होते. नंबर लावायचे, औजारं उकळायची, आणि पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत डॉक्टर जुन्या राजांबद्दल जे सांगत ते ऐकायचं. तुम्ही कधी दाढ काढली असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, तोंडात कापूस असला की माणसाला मध्ये बोलता येत नाही. डॉक्टरांना असे श्रोते फार आवडायचे.

शेतात सापडलेली नाणी लोक त्यांच्याकडे आणत. डॉक्टर ती विकत घेत नसत, ठेवूनही घेत नसत. दातात बघायचा छोटा आरसा नाण्याच्या कडेला धरून बघायचे, वजन करायचे, फोटो काढायचे आणि विचारायचे, "कुठं सापडलं? नेमकं कुठं?" नुसतं 'वावरात' चालत नसे. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, किती पावलं, किती खोल, सोबत खापरं होती की विटा, सगळं वहीत जायचं. "जागा माहीत नसली तर तो नुसता धातूचा तुकडा आहे," ते म्हणत. "जागा सांगितली की साक्षीदार होतो." पेशंट तंबाखूबद्दल खोटं बोलला तर ते हसून सोडून देत. जागेबद्दल खोटं बोललेलं मात्र खपवून घेत नसत.

एक वाईट खोड होती. धातू ओळखायला ते नाण्याची कड जिभेला लावत. मी म्हणायची, "डॉक्टर, काय काय लागलेलं असते त्याले." त्यावर ते म्हणत, "तांब्याची चव वेगळी लागते, ताई." आणि लगेच पुढच्या पेशंटला तोंडाच्या स्वच्छतेबद्दल समजावून सांगायला लागत.

उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी जमनाबाई आली. बंजारा तांड्यावरची सत्तरीची म्हातारी, चार एकर कापूस-तूर स्वतः बघणारी. तिची दाढ काढून झाली तेव्हा तिनं कमरेची पिशवी सोडली आणि ट्रेमध्ये दाढेशेजारी एक लहानसं, मातीनं माखलेलं हिरवट नाणं ठेवलं. शेततळं खोदताना ते निघालं होतं. जेसीबी एक दिवस चालून गेला होता, शुक्रवारी परत येणार होता.

"सोबत काय निंगालं, याडी?" डॉक्टरांनी विचारलं. याडी म्हणजे आई. तांड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना ते असंच म्हणत.

"इटा निंगाल्या. ह्या एवढ्या." तिनं हात चांगले दोन वीत लांब धरले. "अन् खापरं लय."

एवढ्या लांब विटा आता कोणी भाजत नाही. डॉक्टरांनी घाईघाईनं नाणं उचललं, कड जिभेला लावली, आणि नेमकी त्यांना शिंक आली. शिंकेआधी माणूस आ करून मोठा श्वास घेतो. नाणं आत गेलं. नशिबानं जेवणाच्या वाटेनं गेलं.

जमनाबाईनं गालातला कापूस बाजूला सारला. "गियलं?"

"हो."

"माहं नाणं होतं थे."

"हो, याडी."

"मंग काढा."

"ते आता आपोआपच येईल."

"कवा?"

सगळ्या जगाला तारखा देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. पोटात एक पांढरी टिकली दिसत होती. काळजी करू नका, तीन-चार दिवस वाट बघा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आमचे डॉक्टर ती फिल्म खिडकीशी धरून पट्टीनं मोजत होते. "कड हातानं कापलेली दिसते," म्हणाले. मी त्यांना हाताला धरून घरी नेलं.

बुधवारी पहिल्या एसटीनं जमनाबाई डझनभर केळी आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन हजर. बाहेरच्या बाकावर बसून तिनं दहा पेशंटांदेखत हाक दिली, "झालं काय, डाक्टर?"

आतून आवाज आला, "नाही."

गुरुवारी तेच. दुपारपर्यंत शेजारचा झेरॉक्सवालाही विचारायला लागला. एका पेशंटनं तर तोंडात कापूस असताना डॉक्टरांच्या पोटाकडे बोट करून भुवया उडवल्या.

संध्याकाळी डॉक्टर वही उघडून बसले. "उद्या मशीन येईल, ताई. त्या विटा खरंच जुन्या असतील तर दुपारपर्यंत सगळा चुरा होईल. पण नाणं वाचल्याशिवाय तिला तळं थांबवा कोणत्या तोंडानं म्हणू? तिलाही पाणी पाहिजेच आहे."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला फोन आला. "ताई, आलं."

मी पोचले तेव्हा ते नाणं तिसऱ्यांदा धुऊन झालं होतं. पोटातल्या आम्लानं वरचा हिरवा थर खाऊन टाकला होता. सोंड वर केलेला हत्ती स्वच्छ दिसत होता. मागच्या बाजूला अधिकचं चिन्ह, त्याच्या चार टोकांना चार वर्तुळं. डॉक्टर खिन्न होते. "तो थरही पुरावाच होता," म्हणाले. "जन्मभर लोकांना घासू नका म्हटलं, अन् मीच घासलं." मग त्यांनी हत्तीच्या वर उमटलेली अक्षरं पुन्हा पाहिली, आणि आरसा हातातून खाली ठेवला. "सातवाहनांचं आहे, ताई. चला."

ऑटो वावराशी पोचला तेव्हा मशीन सुरू झालं होतं. डॉक्टर पांढऱ्या एप्रनमध्ये धावत जाऊन त्याच्या समोर उभे राहिले.

"झालं काय?" जमनाबाईनं विचारलं.

"झालं." त्यांनी नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं आधी त्याचा वास घेतला. मग म्हणाली, "हत्ती हाये."

डॉक्टरांनी सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी इथं माणसं राहत होती, ह्या विटा त्यांच्या घराच्या असतील, मशीन फिरलं की काहीच कळणार नाही.

"मले हरबऱ्याले पाणी पायजे नं."

"तळं करा, याडी. वीस पावलं तिकडं करा."

"अन् सरकारनं वावरच घेतलं तं?"

डॉक्टरांनी खोटी खात्री दिली नाही. "मले माहीत नाही. पण मी तुमच्यासंगं येतो, शेवटपर्यंत." तिनं नाणं कमरेच्या पिशवीत टाकलं आणि जेसीबीच्या ड्रायव्हरला म्हणाली, "तिकडं घे."

दुपारी आम्ही तिघं तहसीलमध्ये नाणं जमा करायला गेलो. कारकुनानं विचारलं, "सापडल्याचं ठिकाण?" डॉक्टरांनी गट नंबर, पावलं, खोली सगळं सांगितलं आणि थांबले. त्यांचे कान लाल झाले.

"पयले वावरात सापडलं," जमनाबाई म्हणाली. "मंग डाक्टरच्या पोटात."

कारकुनाचा पेन थांबला. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं.

"लिहा," डॉक्टर म्हणाले. "खरं आहे ते. थर कसा गेला, हे पुढच्या अभ्यासकाला कळलं पाहिजे."

कारकुनानं शेऱ्याच्या रकान्यात ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्याला बराच वेळ लागला.

पुढं पुरातत्त्वाचे लोक आले. भिंतीचा पाया मोजला, फोटो काढले, खापरं पेट्यांत भरली आणि जागा पुन्हा मातीनं झाकून गेले. वावर जमनाबाईकडेच राहिलं. तळ्यात पाणीही साठलं.

दोन वर्षांनी डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुलीकडे नागपूरला गेले. या हिवाळ्यात ते वारले. तांड्यावर फोनवरून सांगणं मला बरं वाटेना, म्हणून मी एसटीनं गेले.

जमनाबाई कापूस वेचत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीपाशी होते नं?"

"हो."

ती थोडा वेळ धुऱ्यावर बसली. मग उठून राहिलेली ओळ वेचायला लागली. मला निघवेना. मी शेजारच्या ओळीत शिरले. मला वेचायची सवय नाही, माझ्या कापसात काडीकचरा फार येत होता. ती प्रत्येक मूठ माझ्या हातून घेत होती, एकेक वाळलं पान निवडून टाकत होती आणि उरलेला कापूस आपल्या ओटीत भरत होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघी वेचत राहिलो.