अर्बाबचा काठोकाठ फिंजान

ओमानमधल्या रुस्ताकचा माझा अर्बाब, म्हणजे मालक, कुठलंही यंत्र घ्यायचं तर आधी त्याच्यावर कहव्याचा, अरबी कॉफीचा, फिंजान ठेवायचा. बिनकानाचा इवलासा कप, काठोकाठ भरलेला. पिकअप घेताना बॉनेटवर, पाण्याचा पंप घेताना पंपावर. यंत्र सुरू केल्यावर कहवा सांडला की, "खलास! नको."

मी त्याच्या वर्कशॉपात लेथवर होतो. शिक्षण तिसरी, पण लोखंड मला कळतं. हे खूळ आहे, असं मी तोंडावर सांगायचो.

"उस्ताद, तू लोखंड बघ, मी कहवा बघतो," तो हसायचा.

त्याच्या बापाची जुनी रायफल होती, परवाना कायम खिशात. ईदला गावातले म्हातारे रांगेत बसून लांबच्या पांढऱ्या दगडावर नेम धरत. पण त्या रायफलीची काडतुसं बाजारात यायची बंद झाली. दोन ईदा रायफल खुंटीवर आणि अर्बाब पोटदुखीचं निमित्त सांगून घरात. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या मात्र त्याने हलव्याच्या डब्यात जपल्या होत्या. त्याच पुन्हा भरायच्या ठरल्या. त्यासाठी नळीत गोळी दाबून बसवणारा हातदाबाचा प्रेस हवा.

मस्कतच्या दुकानात एकाच टेबलावर दोन प्रेस बसवलेले. एक फिरत्या डोक्याचा, देखणा. दुसरा साधा, एका वेळी एकच काम करणारा, किंमत पहिल्याच्या पाव. मी फिरत्यावर हात ठेवला. "हाच घ्या. तासाला शंभर भरेल."

"शंभर? ईदला मी तीन झाडतो. मला लढाईवर धाडतोस काय?"

त्याने थर्मासमधून कहवा ओतून फिंजान टेबलावर ठेवला, रिकामी नळी घालून फिरत्याचं हँडल ओढलं. कहवा सांडला. पुन्हा भरून साध्याचं ओढलं. थेंब सांडला नाही.

"टेबल हलतंय," मी म्हटलं.

"टेबल दोघांना एकच आहे, उस्ताद. यल्ला, चल!"

मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याने घेतलेला साधा प्रेस मात्र त्याच्या घरी मीच बसवला. दुसऱ्याने वाकडा बसवला असता.

दर शुक्रवारी नमाज झाली की तो एकेक काडतूस भरायचा, तोलायचा, जरा फरक वाटला की बाजूला ठेवायचा. मी घाई केली की म्हणायचा, "तुझी गाडी सुटतेय का?"

ईदला पहिली गोळी धुळीत गेली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"हसू नकोस. ती माझी चूक, प्रेसची नाही."

दुसऱ्या गोळीला दगडाचा टवका उडाला, तिसरीला दगडच आडवा. रांग ओरडली. अर्बाब दिवस मावळेपर्यंत तिथून हलला नाही. पोट अजिबात दुखलं नाही त्याचं.

काही वर्षांनी मी कायमचा रत्नागिरीला निघालो. दारात त्याने विचारलं, "आता तरी सांग, कुठला प्रेस चांगला होता?"

"फिरता," मी म्हटलं.

तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि तो फिंजान माझ्या खिशात कोंबला.

परवा अर्बाब गेल्याचा फोन आला. त्याच आठवड्यात मुलगा पिठाची चक्की दाखवायला दुकानात घेऊन गेला. घरून थर्मासमध्ये नेलेल्या कहव्याने मी तो फिंजान काठोकाठ भरला आणि चालू केलेल्या महागड्या चक्कीवर ठेवला.

"अब्बा, लोक बघतायत!"

"बघू देत," मी म्हटलं. "तू कहवा बघ."